चिक्कीत गहू येतो कुठून? घरची मिठाई ग्लुटेनमुक्त करताना काय बदलायचं, काय सांभाळायचं

शेंगदाण्याच्या चिक्कीत दोनच मुख्य गोष्टी असतात, गूळ आणि शेंगदाणे. फार तर चमचाभर तूप. गव्हाचा त्यात काही संबंध नाही. तरीही सीलिअ‍ॅक असलेल्या मुलाला घरी केलेली चिक्की बाधू शकते. कारण गरम मिश्रण ज्या पोळपाटावर थापलं आणि ज्या लाटण्याने लाटलं, त्याच पोळपाट-लाटण्यावर रोज सकाळी पोळ्या होतात.

घरची मिठाई ग्लुटेनमुक्त करायची म्हटलं की बहुतेकांना वाटतं, मैद्याऐवजी कुठलं पीठ वापरायचं एवढाच प्रश्न आहे. खरं तर तो सोपा भाग आहे. मराठी घरांतल्या बऱ्याच गोड पदार्थांत गहू मुळातच नसतो आणि जिथे असतो तिथे त्याची जागा घ्यायला उपासाच्या डब्यातली पिठं तयार असतात. अवघड भाग आहे गिरणी, चाळणी, पोळपाट आणि तळणीचं तेल. या लेखात दोन्ही गोष्टी क्रमाने समजून घेऊ.

ग्लुटेन म्हणजे काय?

ग्लुटेन हा गव्हातल्या प्रथिनांचा समूह आहे. कणकेत पाणी घालून मळलं की ही प्रथिनं एकमेकांत गुंतून जाळं तयार करतात. त्यामुळे पोळी ताणली जाते आणि पाव फुगतो. बार्ली म्हणजे जव आणि राय या धान्यांतही अशीच प्रथिनं असतात. खपली हा गव्हाचाच जुना प्रकार आहे. त्यामुळे 'खपली पचायला हलका' असं कितीही ऐकलं असलं तरी त्यात ग्लुटेन असतं.

तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी, तीळ, शेंगदाणे, नारळ, दूध, तूप, साखर आणि गूळ यांत ग्लुटेन नसतं.

ओट्सचा मामला थोडा वेगळा आहे. त्यात गव्हातलं ग्लुटेन नसतं, पण शेतापासून कारखान्यापर्यंत ओट्समध्ये गहू आणि बार्ली मिसळण्याची शक्यता मोठी असते. शिवाय सीलिअ‍ॅक असलेल्या काही थोड्या लोकांना शुद्ध ओट्सही चालत नाहीत. त्यामुळे 'ग्लुटेनमुक्त' असं लिहिलेले ओट्स असले तरी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावेत.

कोणासाठी हे गरजेचं आहे?

सीलिअ‍ॅक हा स्वयंप्रतिकार प्रकारातला आजार आहे. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावरच हल्ला करते. अन्नातली पोषकद्रव्यं शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजतात. मग जुलाब, पोट फुगणं, रक्तक्षय, मुलांची वाढ खुंटणं, हाडं ठिसूळ होणं असे त्रास सुरू होतात. जगात साधारण १ टक्का लोकांना हा आजार असल्याचं मानलं जातं. भारतात गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेकडच्या भागात त्याचं प्रमाण दक्षिणेपेक्षा अधिक आढळतं.

गव्हाशी या आजाराचं नातं आहे हे लक्षात आणून दिलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पावाचा तुटवडा पडला, तेव्हा या आजाराची मुलं सुधारली. पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. गव्हावर आधीपासून काम करणाऱ्या डिके यांचा संशय पक्का झाला. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला.

आजही या आजारावर एकच उपाय आहे, तो म्हणजे आयुष्यभर ग्लुटेन न खाणं. 'सणाला एक तुकडा चालेल' ही सूट इथे नाही. काहींना थोडं ग्लुटेन खाल्ल्यावर बाहेरून काहीच त्रास दिसत नाही, पण आतड्याचं नुकसान होत राहतं.

एक महत्त्वाची सूचना. आजाराची शंका असेल तर आधी तपासणी करून घ्यावी आणि मगच गहू बंद करावा. रक्ततपासणी आणि एन्डोस्कोपी या दोन्हींसाठी रोजच्या आहारात गहू असावा लागतो. आधीच गहू सोडला तर तपासणीचा निष्कर्ष चुकू शकतो.

चिमूटभर मैदा म्हणजे किती?

आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे आणि भारतात एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे, १ किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच त्याला 'ग्लुटेनमुक्त' म्हणता येतं. असा १०० ग्रॅम पदार्थ खाल्ला तर पोटात जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम ग्लुटेन जातं.

आता मैद्याचा हिशोब पाहू. मैद्यात साधारण १० टक्के प्रथिनं असतात आणि त्यातला बहुतेक भाग ग्लुटेनचा असतो. म्हणजे १ ग्रॅम मैद्यात ढोबळमानाने ८० मिलिग्रॅम ग्लुटेन आलं. एक किलो चिक्कीत पाव ग्रॅम मैदा मिसळला तरी वरची मर्यादा गाठली जाते. पाव ग्रॅम म्हणजे पोळपाटावर भुरभुरलेली एक बारीक चिमूट.

म्हणूनच पोळपाट, चाळणी आणि गिरणी यांना एवढं महत्त्व आहे.

मिठाईत गव्हाचं काम काय असतं?

पदार्थ बदलण्याआधी हा प्रश्न विचारला तर पर्याय आपोआप सापडतो. गोड पदार्थांत गहू साधारण चार कामं करतो.

• बांधून ठेवणं. गुलाबजामात मैदा खव्याला फुटू देत नाही.
• दाणेदारपणा आणणं. बेसनाच्या लाडवात अनेक जण मूठभर रवा घालतात तो याचसाठी.
• भर घालणं. डिंकाच्या किंवा मेथीच्या लाडवातली कणीक, चॉकलेट बॉलमधला बिस्किटांचा चुरा.
• ताणली जाणारी पारी करणं. करंजी, चिरोटे, शंकरपाळी.

पहिली तीन कामं दुसऱ्या पिठाकडून सहज करून घेता येतात, कारण तिथे ताण लागत नाही. चिक्की, वडी आणि पाकातल्या लाडवांना तर पाकच बांधून ठेवतो. चौथं काम मात्र थेट ग्लुटेनचंच आहे. त्यामुळे तांदळाच्या पिठाचे पापुद्रे सुटलेले चिरोटे जमतील अशी अपेक्षा ठेवू नये. त्यापेक्षा उकडीचे मोदक किंवा अनारसे करावेत. ते पहिल्यापासून तांदळाचेच आहेत.

कोणत्या पदार्थात काय बदलायचं?

चिक्की आणि तिळाची वडी. साहित्यात काहीच बदलायचं नाही. पाव किलो भाजून सोललेल्या दाण्यांना साधारण तेवढाच किंवा थोडा कमी चिक्कीचा गूळ घ्यावा. पाक झाला की नाही हे पाहण्यासाठी त्याचा थेंब थंड पाण्यात टाकावा. गार झालेली गोळी ताणली न जाता कट्‌कन तुटली की पाक तयार. मिश्रण तूप लावलेल्या स्टीलच्या ताटाच्या पाठीवर काढावं आणि तूप लावलेल्या वाटीच्या बुडाने दाबून पसरावं. पातळ हवी असेल तर दोन बटर पेपरमध्ये ठेवून काचेच्या बाटलीने लाटावी. पोळपाट लागतच नाही.

नारळाची वडी आणि आलेपाक. हे दोन्ही मुळातच ग्लुटेनमुक्त आहेत. वडी पटकन घट्ट व्हावी म्हणून काही जणी तिच्यात रवा घालतात, तो गाळावा. मिश्रण कडेने सुटून गोळा होईपर्यंत परतलं की वडी रव्याशिवाय पडते. हवा तर थोडा खवा घालावा.

बेसनाचे लाडू. रव्याऐवजी बेसनच जाडसर घ्यावं. बेसन तुपात खमंग भाजून झालं की त्यावर दुधाचा हबका मारावा. बेसन फुलतं आणि दाणेदार होतं. ही युक्ती आजी-पणजीच्या काळापासूनची आहे.

रव्याचे लाडू. तांदळाचा किंवा वरईचा रवा वापरता येतो. हा रवा मंद आचेवर, जास्त वेळ भाजावा लागतो. पाक एकदम न ओतता थोडा थोडा घालावा आणि मिश्रण झाकून काही तास मुरू द्यावं, कारण तांदळाचे कण पाक सावकाश पितात. ओलं खोबरं घातलं तर लाडू मऊ राहतात, मात्र ते लवकर संपवावे लागतात.

डिंकाचे आणि मेथीचे लाडू. कणकेच्या जागी खारकेची पूड आणि भाजलेलं सुकं खोबरं वाढवावं. पीठ हवंच असेल तर तुपात भाजलेलं नाचणीचं किंवा उडदाचं पीठ चालतं. नाचणी कच्ची राहिली तर चव मातकट लागते, त्यामुळे छान वास सुटेपर्यंत भाजावी.

गुलाबजाम. पाव किलो खव्याला साधारण ४० ते ५० ग्रॅम आरारूट किंवा शिंगाड्याचं पीठ घ्यावं. सगळे गोळे वळण्याआधी एकच गोळा मंद आचेवर तळून पाहावा. तो फुटला तर चमचाभर पीठ वाढवावं आणि घट्ट झाला तर थोडं दूध लावून मळावं.

बिस्किटांचे चॉकलेट बॉल आणि रोल. मुलांचा हा आवडता, गॅस न पेटवता होणारा पदार्थ. बिस्किटांच्या चुऱ्याऐवजी राजगिऱ्याच्या लाह्या आणि भाजलेल्या दाण्यांचं कूट समप्रमाणात घ्यावं. कोको पावडर साधी वापरावी. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींमध्ये बऱ्याचदा बार्लीचं माल्ट असतं.

उपासाचा डबा कामी येतो

वरची यादी पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. शिंगाडा, राजगिरा, वरई, साबुदाणा आणि आरारूट ही सगळी मंडळी मराठी घरात उपासाच्या डब्यात असतात. एकादशीला किंवा नवरात्रात आपल्याकडे गहू वर्ज्य असतो, त्यामुळे गव्हाशिवाय गोड कसं करायचं याचं उत्तर घराघरांत आधीपासूनच आहे. राजगिऱ्याची वडी, शिंगाड्याचा शिरा, साबुदाण्याची खीर, दाण्याचे लाडू हे पदार्थ कुणी 'ग्लुटेन फ्री' म्हणून शोधून काढलेले नाहीत.

पण उपासाला चालणारं पीठ सीलिअ‍ॅकला चालेलच असं मात्र नाही. उपासाचे नियम धान्य कोणतं ते पाहतात. ते कुठे दळलं, हा वेगळा प्रश्न आहे.

गिरणीतून काय येतं?

गिरणीच्या जात्यात आणि नळीत आधीच्या दळणाचं पीठ राहतं. गव्हानंतर तांदूळ किंवा चणाडाळ टाकली तर सुरुवातीच्या पिठात गहू येणारच. सकाळी पहिलं दळण आपलं असलं तरी आदल्या रात्रीचं पीठ आत असतं.

यावर तीन उपाय आहेत.

• ग्लुटेनमुक्त असं स्पष्ट लिहिलेलं पाकीटबंद पीठ घ्यावं.
• लागेल तेवढं पीठ घरच्या मिक्सरमध्ये करावं. धुऊन सावलीत वाळवलेले तांदूळ, भाजलेली चणाडाळ आणि राजगिरा मिक्सरमध्ये चांगले दळले जातात. मिठाईला वाटी-दोन वाट्याच पीठ लागतं.
• घरगुती चक्की असेल तर तिच्यात गहू कधीच दळू नये. एकाच चक्कीत दोन्ही दळून ती पुसून घेणं पुरेसं होत नाही.

दळण्याआधी धान्य आणि डाळी नीट निवडाव्यात. सुट्या डाळीत, तांदळात आणि तिळात गव्हाचा एखादा दाणा सापडणं नवीन नाही. ताटात पसरून निवडण्याची जुनी सवय इथे आजार टाळते.

दुकानात नावांचा घोळ

काही नावं फसवी आहेत.

• रवा: इडली रवा तांदळाचा असतो. बारीक रवा, सोजी, बन्सी रवा आणि लापशी रवा हे सगळे गव्हाचे.
• सातूचं पीठ: सातू म्हणजे जव. घरोघरच्या सातूच्या पिठात डाळ्यांबरोबर गहू किंवा जव असतोच. त्यामुळे त्याचे लाडू टाळावेत.
• सोनपापडी: बेसनाबरोबर मैदा वापरलेला असतो.
• माहीमचा हलवा: तो रवा, मैदा किंवा कॉर्नफ्लोअर यांपैकी कशाचाही केलेला असू शकतो. विचारल्याशिवाय घेऊ नये.
• पिठीसाखर: गुठळ्या होऊ नयेत म्हणून विकतच्या पिठीसाखरेत स्टार्च मिसळतात. बहुतेक वेळा तो मक्याचा असतो, पण लेबल वाचावं किंवा साखर घरीच दळावी.
• चॉकलेट: बिस्किट, वेफर किंवा माल्ट असलेली चॉकलेटं चालत नाहीत.

भारतात पाकीटबंद पदार्थावर ग्लुटेन असलेल्या धान्यांची माहिती अ‍ॅलर्जीच्या सूचनेत देणं बंधनकारक आहे. घटकांच्या यादीखाली ही ओळ शोधावी. 'गहू नाही' असं लिहिलेलं असलं तरी त्यात बार्ली असू शकते. आणि 'शुगर फ्री' किंवा 'मैदा नाही' याचा अर्थ ग्लुटेनमुक्त असा होत नाही.

सुट्या खव्याला लेबल नसतं आणि त्यात पिठाची भेसळ होऊ शकते. ती ओळखायला सोपी चाचणी आहे. थोडा खवा पाण्यात उकळून थंड करावा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. रंग निळा झाला तर त्यात स्टार्च आहे. तो गव्हाचा, मक्याचा की बटाट्याचा हे या चाचणीतून कळत नाही. त्यामुळे निळा झालेला खवा वापरूच नये. सगळ्यात बरं म्हणजे दूध आटवून खवा घरी करणं.

स्वयंपाकघरात काय सांभाळायचं?

घरात बाकीच्यांसाठी पोळ्या होत असतील तर पुढच्या गोष्टी पाळाव्या लागतात.

• आधी ग्लुटेनमुक्त, मग बाकीचं. दिवाळीचा फराळ करताना चिक्की, वड्या, लाडू आधी करून डबाबंद करावेत. शंकरपाळी आणि करंज्या दुसऱ्या दिवशी कराव्यात. मैदा चाळताना उडालेली धूळ बराच वेळ हवेत राहते आणि उघड्या ताटांवर बसते.
• चाळणी वेगळी. पिठाच्या चाळणीच्या जाळीत अडकलेलं पीठ धुऊनही पूर्ण निघत नाही.
• लाकडी वस्तू वेगळ्या. पोळपाट, लाटणं, लाकडी कालथा आणि लाडवाचे किंवा मोदकाचे लाकडी साचे यांच्या भेगांत पीठ राहतं. स्टीलची भांडी साबणाने नीट घासली की चालतात.
• तळण ताजं. शंकरपाळी तळलेल्या तुपात किंवा तेलात गुलाबजाम तळू नयेत. तेल गाळून घेतलं तरी उपयोग नाही.
• तुपाचा डबा वेगळा. पोळीला तूप लावलेला चमचा परत डब्यात गेला की त्याबरोबर कणही जातात.
• हात आणि फडकं. कणीक मळलेले हात धुवावेत. ओटा पुसायचं ओलं फडकंही वेगळं असावं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. उकळत्या पाकाने किंवा तळणीच्या उष्णतेने ग्लुटेन 'मरत' नाही. तो जंतू नाही, प्रथिन आहे. कितीही तापवलं तरी ते त्रास द्यायचं थांबत नाही.

दुसऱ्याच्या घरी डबा देताना

बहुतेक गडबड इथे होते. शेजारच्या काकू प्रेमाने, मैदा न घालता लाडू करून आणतात. मुलाची आई संकोचाने नाही म्हणते आणि दोन्हीकडे मन दुखावतं. हळदीकुंकवाला, वाढदिवसाला, शाळेच्या डब्यात हे पुन्हा पुन्हा घडतं. त्यातल्या मुलाला मात्र एवढंच कळतं की सगळ्यांना मिळालं, आपल्याला नाही.

डबा देणाऱ्याने चार गोष्टी सांगितल्या तर हा अवघडलेपणा टळतो. त्यात काय काय आहे, पीठ कुठे दळलं, कशात तळलं आणि कशावर थापलं. सीलिअ‍ॅक असलेल्या घरातले लोक हेच विचारतात. तो तुमच्या स्वच्छतेवरचा संशय नसतो. यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसेल तर तसं स्पष्ट सांगावं, म्हणजे निर्णय त्यांना घेता येतो.

आणि कसलीच खात्री नसेल तर सोपा मार्ग आहेच. अख्खे शेंगदाणे आणि अख्खे तीळ घ्यावेत, निवडून स्वच्छ कढईत भाजावेत, गुळाचा पाक करावा आणि मिश्रण ताटाच्या पाठीवर थापावं. संक्रांतीला जे सगळ्यांच्या हातावर ठेवायचं, ते त्या मुलाच्या हातावरही ठेवता येतं.